घसरगाडीवरचा मान

वोल्फ्सबुर्ग,
माघ शुद्ध अष्टमी

परमादरणीय व्याही श्री. विनयराव खांबेटे यांचे सेवेशी, सांगली मुक्कामी.

कुरुंदवाडचा, परंतु सांप्रत जर्मन देशी आपल्याच चिरंजीवांच्या छत्राखाली सुखाने राहत असलेला दिनकर घैसास दोन्ही कर जोडून आपणांस वंदन करतो आणि लिहितो ते असे. ईश्वरकृपेने येथे सर्व मंडळी क्षेम आहेत. तेथे आपण, आपला उजवा गुडघा आणि सौ. विहीणबाई अरुंधतीबाई असे तिघेही कुशल असाल, अशी आशा बाळगतो. (विहीणबाईंच्या आधी गुडघ्याचे नाव आले हा क्रमभंग झाला, त्यांची क्षमा मागतो. परंतु गुडघ्याचा विषय या पत्रात वारंवार येणार असल्याने त्याला आरंभीच आसन द्यावे लागले.) पत्र शाईने लिहीत आहे. आपण पुढच्या आठवड्यात विमानात बसणार आणि टपाल त्याआधी पोहोचणार नाही, म्हणून सौ. सरला याच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून तो आपल्या फोनवर पाठवील. हे पत्र चि. चारुदत्तांना दाखवण्याचे कारण नाही. ते आपले पुत्र आहेत हे खरे, पण माझे जावई आहेत, आणि जावयासमोर सासऱ्याने किती उघडे व्हावे यालाही मर्यादा आहे.

आपणांस ठाऊकच आहे की या घरी आजी-आजोबांची पाळी व्हिसाच्या नियमाने चालते. एका जोडीने उशीवरून डोके उचलावे आणि दुसऱ्या जोडीने तेथेच टेकावे. या खेपेस मात्र मुलांनी हट्टाने तारखा अशा जुळवल्या की आपण गुरुवारी पोहोचावे, आम्ही त्यापुढच्या मंगळवारी निघावे आणि मधले दिवस दोन्ही व्याह्यांनी एका छपराखाली काढावेत. ही कल्पना अत्यंत रम्य आहे. तिच्यातील एका लहानशा अडचणीकडे मी यथावकाश येईन.

चौदा वर्षांपूर्वी मंडपात मी आपले पाय धुतले, तेव्हापासून आजवर आपला मान चुकवल्याचे मला आठवत नाही. पंगतीत पहिला पाट आपला, मोटारीत पुढचे आसन आपले, आंब्याच्या पेटीतील वरची रांग आपली. मुलीकडच्याने एक पाऊल मागे असावे, यात मला कधीही उणेपणा वाटला नाही. शास्त्राने ज्याला जे स्थान दिले तेथे तो शोभतो. मागे उभे राहण्यातही एक प्रकारची निश्चिंती असते, ती पुढे उभे राहणाऱ्यांना कळत नाही.

आता मुख्य वृत्तान्त. येथील प्रत्येक मनुष्य कोणत्या ना कोणत्या मंडळाचा सभासद असतो. त्याला हे लोक फेराइन म्हणतात आणि आपण गोत्र जपतो तितक्या निष्ठेने ते फेराइन जपतात. आपल्या अन्वीच्या फेराइनने हार्झ पर्वतावर लाकडी घसरगाड्यांची एक शर्यत ठेवली. नियम एकच, पण विलक्षण. एका गाडीवर तीन पिढ्या बसल्या पाहिजेत: एक आजोबा किंवा आजी, एक आई किंवा बाप आणि एक मूल. तिन्ही पिढ्या एकत्र निघाव्यात आणि एकत्रच पोहोचाव्यात. गेले दोन हिवाळे आपली नात ही शर्यत कडेला उभी राहून पाहत होती, कारण आपण उभयता व्याह्यांनी थंडीला भिऊन येथे येण्यासाठी नेहमी उन्हाळेच निवडले. तिच्या वर्गातील लोटे नावाच्या मुलीला एक आजोबा बारमाही उपलब्ध आहेत. हे शल्य अन्वीच्या मनात खोल रुतलेले होते. आम्ही नोव्हेंबरात उतरलो तेव्हा विमानतळावर तिने प्रथम माझ्या चेहऱ्याकडे नव्हे, तर पायांकडे पाहिले. घोडा विकत घेणारा पाहतो तसे.

अन्वी सर्व मराठी समजते, उत्तर मात्र जर्मन भाषेत देते, हे आपण अनुभवले आहेच. मी मराठीत विचारावे, तिने जर्मनमध्ये सांगावे, आमच्या कन्येने, नंदिनीने, मध्ये उभे राहून दोघांकडे पाहत मान हलवावी, असा आमचा संवाद चाले. परंतु डिसेंबरात एके सायंकाळी मी संध्या आटोपून उठत असता ती समोर आली आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "आजोबा, तुम्ही बसाल? पुढे?" मी त्या भाषेने इतका भारावलो की कशावर बसायचे आणि कोठे जायचे हे न विचारताच होकार देऊन बसलो. दानाचा संकल्प आधी आणि दानाची वस्तू नंतर, असे पुराणांतील अनेक थोर राजांच्या बाबतीत झालेले आहे आणि त्यांचे पुढे काय झाले हेही आपण जाणता.

जावईबापूंनी तळघरातून गाडी वर आणली. खरे सांगतो विनयराव, मी निराश झालो. आपले चिरंजीव दिवसभर कारखान्यात मोटारींची आसने उबदार करण्याची यंत्रणा घडवतात आणि त्यांच्या स्वतःच्या घरातील या वाहनाला आसनच नाही! चार फळ्या, खाली दोन लोखंडी पट्ट्या, पुढे एक दोरी. तथापि वाहन ते वाहन, आणि पूजेवाचून वाहन दाराबाहेर काढणे मला मान्य नव्हते. शर्यतीच्या आदल्या सायंकाळी बैठकीच्या खोलीत पाट मांडला, स्वस्तिक रेखले, हळदकुंकू वाहिले. जावईबापू म्हणाले, "बाबा, पट्ट्यांना इथे मेणबत्ती घासतात. छान सरकते." मी म्हणालो, घरात कढवलेले तूप असताना मेणबत्ती का? आणि दोन्ही पट्ट्यांना यथासांग तुपाचा लेप दिला, त्यावर हळदकुंकवाचा दुसरा हात फिरवला. अन्वी डोळे मोठे करून पाहत होती. नंदिनी म्हणाली, "बाबा, ते तूप मी नव्वद मिनिटं गाडी चालवून इंडियन दुकानातून आणलंय हो!" मी म्हणालो, ते आता धर्मकार्यास लागले. त्या रात्री माझ्या भातावर तूप नव्हते.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे संक्रांतीनंतरच्या रविवारी, आम्ही निघालो. वेशभूषेचे वर्णन थोडक्यात करतो. लोकर सदैव शुद्ध, हे शास्त्रवचन माझ्या फार उपयोगी पडले. आतून बाहेर मी लोकरच लोकर ल्यालो होतो. त्यावर आपल्या चिरंजीवांची नारिंगी रंगाची, चालताना खसखसणारी हिमविजार. त्या विजारीत मनुष्य एकदा शिरला की त्याचे दोन्ही पाय एकमेकांशी सल्लामसलत करणे सोडून देतात. (घरात अशी विजार एकच आहे. ती माझ्या मापाला दोऱ्या बांधून बेतलेली आहे, ही गोष्ट आपल्या कानावर घालून ठेवतो.) एक सूक्ष्म अडचण मात्र कोणीही आधी सांगितली नव्हती. लघुशंकेच्या वेळी जानवे कानावर घ्यावे, हा आपला नेम. ते जानवे सात थरांच्या तळाशी असते. हार्झ पर्वतावरील त्या लहानशा लाकडी कक्षात मी जानव्याच्या शोधात इतका काळ होतो की जावईबापूंनी बाहेरून दोनदा हाक मारली आणि तिसऱ्या खेपेस कोणी जर्मन गृहस्थाने दार ठोठावून काहीतरी सहानुभूतीचे शब्द उच्चारले. नेम पाळला. परंतु थरांचा मूळचा क्रम पुन्हा लागला नाही, आणि पुढील सर्व प्रसंगांत मी बंडीवर बनियन घालून होतो, हे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे.

उतारावर जत्रा भरली होती. बापांच्या खांद्यावर पोरे, आयांच्या हाती वाफाळते पेले, आज्या दुलया पांघरून बाकावर बसलेल्या, आणि सर्वत्र घसरणे. कोणी लाकडावर, कोणी ताटलीसारख्या तबकडीवर, कोणी नुसतेच. एका बाजूस मांसान्नाचा धूर होता, म्हणून वाऱ्याची दिशा पाहून मी वरच्या अंगास उभा राहिलो आणि शुभारंभाचा नारळ फोडायला घेतला. येथे माझा बत्तीस वर्षांचा पौरोहित्याचा अनुभव थिटा पडला. नारळ मी सर्व शक्तीनिशी भूमीवर आपटला. तो फुटला नाही. तो भूमीत गेला. त्या जागी एक वाटोळे भोक तेवढे उरले. अन्वीने हात घालून तो उपसून काढला. मी दुसऱ्यांदा आपटला. या वेळी तो आत न जाता टुणकन बाजूला उडाला आणि उताराला लागला. मग तो थांबेना. शेंडी फडकवीत, गाड्यांना मागे टाकीत, लहान पोरांच्या किंकाळ्यांमधून तो थेट तळापर्यंत पोहोचला. त्या दिवशीची सर्वांत जलद उतरंड त्याचीच, असे जावईबापू अजून म्हणतात.

तळाशी उभ्या असलेल्या एका उंच, पांढऱ्या मिशीच्या गृहस्थाने तो उचलला आणि सबंध चढ चढून तो वर आला. हेच ते लोटेचे आजोबा, हेर (म्हणजे श्रीयुत) ब्रांडेस. त्यांनी दोन्ही हातांनी, किंचित वाकून, तो नारळ माझ्या हाती दिला. आता आपणच सांगा विनयराव, सभ्य गृहस्थाने भर सभेत वाकून श्रीफळ हाती द्यावे आणि आपण नुसते 'बरे' म्हणून तो पिशवीत टाकावा, हे आपल्या संस्कृतीत बसते का? श्रीफळ मिळाले तर मानाची परतफेड शालीनेच झाली पाहिजे. माझ्या गळ्यात सौ. सरलेने विणलेली शाल होती. ती काढून मी हेर ब्रांडेस यांच्या खांद्यावर घातली, सरळ केली आणि नमस्कार केला. आसपासच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. हेर ब्रांडेस यांचे डोळे पाणावले. (वाराही होता.) सौ. सरला माझ्या पाठीमागून हलकेच म्हणाली, "अहो, तीन महिने विणत होते मी ती!" पण सत्कारात व्यत्यय नको म्हणून मी ऐकू न आल्यासारखे केले.

हेर ब्रांडेस यांच्याशी माझा स्नेह तेथेच जुळला. ते जर्मन बोलतात, मी मराठी बोलतो आणि माझ्या प्रत्येक वाक्याला ते "गेनाऊ!" म्हणून दुजोरा देतात. अर्थ असा की अगदी बरोबर. मी उभे आयुष्य प्रवचने केली, पण इतका सहमत श्रोता मला कुरुंदवाडातही लाभला नाही.

आणि दैवयोग असा की शर्यतीत गाड्या दोन-दोनच्या जोडीने सुटत, आणि आमची जोडी त्यांच्याशीच लागली. आमच्या गाडीवर पुढे मी, मध्ये अन्वी, मागे पाय टेकून वेग आवरण्यासाठी जावईबापू. त्यांच्या गाडीवर माझी शाल पांघरलेले हेर ब्रांडेस, त्यांची कन्या आणि लोटे. थोडे खाली गेल्यावर उताराला एक अरुंद गळा आहे. त्यातून एका वेळी एकच गाडी जाते. जो आधी शिरला तो जिंकलाच, असे अन्वीने मला सकाळपासून बजावले होते. शिट्टी झाली. आम्ही निघालो, तेही निघाले, आणि गळ्याशी दोन्ही गाड्या बरोबरीने आल्या. मी उजवीकडे पाहिले. ज्यांना मी आत्ताच शालीने गौरवले होते ते गृहस्थ शेजारी होते. ज्याचा सत्कार केला त्याच्या पुढे घुसायचे? माझे दोन्ही पाय आपोआप बर्फात रुतले, हात जोडले गेले आणि तोंडातून निघाले, "आधी आपण!" हेर ब्रांडेस यांनी मान लववून "गेनाऊ!" म्हटले आणि ते पुढे निघून गेले.

माझ्या कानाशी जो आवाज झाला तो मी जन्मात विसरणार नाही. "अहो! काय करताय काय तुम्ही! लक्ष कुठे आहे तुमचं?" मला क्षणभर वाटले, सौ. सरलाच गाडीवर आहे. ती अन्वी होती. ही मुलगी गेले दोन महिने तिच्या आजीच्या तोंडून माझ्याशी चाललेले जे मराठी ऐकत होती, ते तिने जसेच्या तसे, अहोसकट, उचलले होते. "पाय वर घ्या, पाय! किती वेळ तो! पुरे झाले तुमचे नमस्कार!" मी पाय वर घेतले. गाडी हलेना. तुपाने आपला मूळ स्वभाव प्रकट केला होता. थंडीने ते असे थिजले होते की पट्ट्यांखाली जणू खरवसाची वडी बसली होती. जावईबापू खाली उतरले, कमरेत वाकले आणि त्यांनी मागून असा धक्का दिला की तो थर एकदम फुटला, गाडी सुटली आणि जावईबापू तेथेच पालथे पडले. मागे वळून मी पाहिले तेव्हा मधली पिढी एक बूट हाती घेऊन बर्फात बसली होती आणि तोंडाने जर्मन भाषेत काही म्हणत होती.

यानंतरचे वर्णन कसे करावे, विनयराव! वेग आवरणारा कोणी नाही. दोरी माझ्या हाती, पण ती कशासाठी असते हे मला सांगितलेले नाही. कानाशी अखंड मराठी. "डावीकडे झुका! डावीकडे हो! ते उजवीकडे आहे! डोळे उघडा!" मी ओठांवर नामस्मरण ठेवले होते, परंतु त्याचा वेगही गाडीच्या वेगाला पुरेना. तळाशी बर्फाचा मोठा ढीग रचला होता. त्याच्यापुढे गाडी थांबली, मी थांबलो नाही, आणि सर्व उपस्थितांसमक्ष मी त्या ढिगाला संपूर्ण साष्टांग घातला. ललाट, छाती, हात, गुडघे, पाय, सर्व अंगे यथाशास्त्र टेकली. (असा नमस्कार आपल्या गुडघ्याला सोसणार नाही, हे जाता जाता नमूद करतो.) मी उठलो तेव्हा अन्वी बर्फावर आडवी पडून हसत होती. इतके हसत होती की तिला उठवेना.

पंचांनी निर्णय दिला की वरून तीन पिढ्या निघाल्या, खाली दोनच पोहोचल्या, सबब आमची धाव अग्राह्य. निर्णय न्याय्य होता. परंतु ईश्वराची लीला पाहा. जेमतेम निम्म्या जोड्या उतरल्या असतील, तोच दाट धुके आले, उतार दिसेनासा झाला आणि फेराइनने सर्वच धावा रद्द ठरवून संपूर्ण शर्यत पुन्हा घेण्याचे जाहीर केले. ती आता आपल्या आगमनानंतरच्या रविवारी व्हायची आहे.

तेव्हापासून आमचा सराव चालू आहे. वोल्फ्सबुर्ग हे सपाट गाव, पण येथील बागेत मातीची एक टेकडी आहे आणि देवाने यंदा तिच्यावर बर्फ ठेवला आहे. दुपारी अन्वी शाळेतून आली की आम्ही दोघे तेथे जातो. मेणबत्ती घासायला मी शिकलो. दोरीचे प्रयोजनही कळले. नमस्कार टाळण्यासाठी दोन्ही हात दोरीला गुंतवून ठेवावेत, ही अन्वीची सूचना मी मान्य केली आहे. मुलांच्या रांगेत उभे राहून टेकडी चढतो, एखादा चिमुरडा मला "आखटुंग!" म्हणून सावध करतो, मी बाजूला होतो. वर पोहोचलो की क्षणभर सर्व शांत असते. झाडे पांढरी, आकाश राखाडी, श्वासाची वाफ आणि पायांखाली उतार. मन एकाग्र करावे, असे मी लोकांना बत्तीस वर्षे सांगत आलो. ते इतक्या सोप्या साधनाने होते, हे मला ठाऊक नव्हते. गाडी निघाली की पेन्शन नाही, रक्तदाब नाही, कुरुंदवाडच्या घराची गळकी मोरी नाही. पुढे वळण आहे एवढेच ब्रह्मज्ञान उरते. घरी येऊन गरम दूध घेतो, पाय रेडिएटरजवळ नेतो आणि सौ. सरला म्हणते, "अहो, या वयात गाल लाल झालेत तुमचे." एकंदरीत येथील थंडी मला मानवली आहे.

परंतु ती सर्वांनाच मानवेल असे नाही, हे माझे कर्तव्य म्हणून आपणांस कळवतो. येथील बर्फ हा वरून मऊ आणि आतून कपटी असतो. उजव्या गुडघ्याशी त्याचे विशेष वैर आहे, असे ऐकतो. शिवाय विमानप्रवासाने आलेला शीण उतरायला येथील वैद्यांच्या मते पुष्कळ दिवस लागतात. (वैद्यांना मी अद्याप विचारलेले नाही, पण त्यांचे मत असेच पडेल.) आपल्यासारख्या मानाच्या माणसाने उबदार खिडकीत बसावे, काचेतून हिमशोभा पाहावी आणि नंदिनीने केलेला चहा घ्यावा, हेच उचित. आपली सेवा करण्यास आम्ही सर्व आतुर आहोत.

वडीलधाऱ्यांस माझे नमस्कार सांगावेत, लहानांस आशीर्वाद. विहीणबाईंना विशेष आदरपूर्वक वंदन. लिहिण्यात अधिक-उणे झाले असल्यास पोटात घालावे.

आपला सदैव एक पाऊल मागे असलेला,
दिनकर गणेश घैसास

ता. क. एक किरकोळ गोष्ट राहिली. आपले विमान गुरुवारी आहे. विमान कंपन्या हल्ली आनंदाने तारखा बदलून देतात, असे कळते. आपण गुरुवारऐवजी सोमवारी पोहोचलात तर कसे? आपली आमची भेट एका रात्रीची का होईना, होईलच. खरा स्नेह काही दिवसांवर मोजायचा नसतो. केवळ गुडघ्याच्या काळजीने सुचवले. आग्रह नाही.

ता. क. २. सौ. सरलेने हे पत्र वाचले आणि फोटो काढण्यास नकार दिला. म्हणाली, "अहो, व्याह्यांच्या गुडघ्याआड कशाला लपताय? पुढे बसायचंय, असं सरळ लिहा की!" तेव्हा सरळ लिहितो. पुढची जागा न्यायाने आपली आहे. आपण मुलाकडचे. आपण गुरुवारी आलात तर रविवारी उतारावर मी स्वतःच हात जोडून "आधी आपण" म्हणेन, कारण माझ्या हातांना तेवढेच येते, आणि आपणही भिडेस्तव बसाल. म्हणून आपण समोरच नसावे, एवढीच माझी युक्ती होती. कारण विचाराल तर असे आहे की घरात ती पोर अजूनही मला जर्मनमध्येच उत्तरे देते. गाडीवर मात्र तिला मराठी बोलावेच लागते, नाहीतर मी झाडावर आदळेन. टेकडीच्या माथ्यापासून तळापर्यंत, जितका वेळ गाडी चालते तितका वेळ, ती मला माझ्या भाषेत रागावते. मंगळवारी आम्ही निघू. आजवर आपल्याकडे कधी काही मागितले नाही. हा एक रविवार मागतो.

ता. क. ३. वरील मजकूर वाचून सौ. सरला चष्मा पुसून फोन घेऊन आली, इतक्यात शेजारच्या खोलीतून अन्वीचा आवाज आला. ती फोनवर कोणाशी तरी बोलत होती, आणि अखंड मराठीत. आम्ही दोघे दाराशी गेलो. पलीकडे आपल्या सौ. अरुंधतीबाई होत्या! अन्वी म्हणत होती, "आजी, पुढे तुम्ही बसा. हे आजोबा छान आहेत, पण जड आहेत. आणि ते सगळ्यांना आधी जाऊ देतात." त्यावर विहीणबाईंचा आवाज आम्हां उभयतांना स्पष्ट ऐकू आला, "मी नाही हं कुणाला जाऊ देणार!" चौकशीअंती असे कळले की हा बेत पंधरा दिवसांपूर्वीच ठरलेला आहे, रोज सायंकाळी दोघींची खलबते चालतात आणि विहीणबाईंनी सांगलीत हिमविजार शिवून घेतली आहे. हे आपणांसही ठाऊक नसावे, असा माझा कयास आहे. विहिणीचा मान व्याह्यांपेक्षाही थोर, तेव्हा येथे माझे आणि आपले, दोघांचेही बोलणे संपले. पहिल्या दोन्ही ता. क. रद्द समजाव्यात.

विमानाची तारीख कृपा करून बदलू नये. मी खोलीत शिरून अन्वीला विचारले की मग आम्ही दोघा आजोबांनी करायचे काय? तिने फोनवर हात ठेवला आणि मला म्हणाली, मराठीतच म्हणाली, "अहो, तुम्ही दोघं खाली उभे राहा आणि आम्हाला पकडा. थांबवणार कोण नाहीतर?" तरी गुरुवारी अवश्य यावे. तळाशी मी डाव्या बाजूस उभा राहीन. उजवी बाजू मानाची, ती आपली.